गाळ उपसण्याआधी त्याचं गाव शोधा

अल मुंतझा, दोहा (कतार)
७ जून, मृग नक्षत्र

प्रति,
मा. मंत्री, मृद व जलसंधारण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यातील मातीच्या धुपीचा गट नंबरवार नकाशा करून तो ग्रामसभांपुढे ठेवण्याबाबत

महोदय,



हे पत्र मी नदी नसलेल्या देशातून लिहितो आहे. कतारमध्ये एकही नदी नाही. वर्षाचा सगळा पाऊस मिळून पंचाहत्तर-ऐंशी मिलिमीटर. आमच्या चिपळुणात आषाढात तेवढा एका रात्रीत पडतो आणि सकाळी कुणी त्याचा विषयही काढत नाही. तरीही मातीचा विचार करायला मी शिकलो तो इथेच. मी राहतो तो अल मुंतझा हा दोह्यातला जुना, दाटीचा भाग. जवळून जाणाऱ्या रस्त्याचं नाव रौदत अल खैल, म्हणजे घोड्यांचा रौदा. रौदा म्हणजे खोलगट, सखल जागा. कधीमधी पाऊस झाला की आजूबाजूच्या खडकाळ जमिनीवरची बारीक माती वाहत येते आणि अशा खोलगटात बसते. कतारची बहुतेक जमीन पातळ आणि दगडगोट्यांची, त्यामुळे पूर्वापार जी काही शेती झाली ती या रौद्यांत साठलेल्या मातीवर. इथल्या नकाशात 'रौदत'नं सुरू होणारी नावं ठिकठिकाणी सापडतात. माती कुठे येऊन थांबते हे इथल्या लोकांना नेमकं ठाऊक होतं, कारण त्यावर पोट होतं.

मी पेशानं सर्व्हेअर. इथे बागा करायच्या तर माती विकत आणावी लागते. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात तिची स्वतंत्र ओळ असते, 'स्वीट सॉइल', आणि पुढे घनमीटरमागे दर. पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. गोडी माती, आणि तीही मोजून! आता हसू येत नाही. इथे जिचा घनमीटरचा हिशेब ठेवतात ती आमच्याकडे दर पावसाळ्यात फुकट खाडीत जाते, आणि किती गेली, कुणाच्या शेतातून गेली, याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आपल्या खात्याच्या नावात 'मृद' आधी येतं आणि 'जल' नंतर. योजनांची नावं पाहिली तर मात्र पाणीच पुढे. जलयुक्त शिवार झालं, त्याचा दुसरा टप्पाही आला. मातीचं नाव आलं ते २०१७ सालच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत, आणि तिथेही गाळ होऊनच. योजना चांगली आहे, धरणातला गाळ शेतात जावा याला कोण नाही म्हणेल? पण सरकारला मातीची आठवण होते ती तिचा गाळ झाल्यावर, आणि या पत्राचं कारण तेच.

चिखलाला रंग होता

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर मी इथून, अल मुंतझातल्या खोलीत, मोबाइलवर पाहिला. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, दोह्याचा सात-आठ वर्षांचा. वाशिष्ठी आणि शिव नदी बाजारपेठेत शिरल्या आणि तळमजले बुडाले. १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ च्या पुरात भिजलं होतं, ते पुन्हा भिजलं.

मला घरी जायला गणपती उजाडले. तोवर बाजारपेठ धुऊन झाली होती, पण एका नातेवाइकाच्या दुकानाचा मागचा पोटमाळा तसाच होता. तिथला चिखल मी फावड्यानं काढला. वाळून त्याच्या वड्या झाल्या होत्या. एक वडी हातात घेऊन मोडली तर आत थर दिसले. खाली जाडसर वाळू, त्यावर करडा थर आणि सगळ्यात वर लालसर, पिठासारखी बारीक माती. बोटाला लागली तर कुंकवासारखी पसरणारी. ती नदीच्या तळाची नव्हती. डोंगरउताराची होती, जांभ्याची. कुणाच्या तरी वरकस जमिनीतून निघून ती पंचवीस-तीस किलोमीटर आली होती आणि दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसली होती. कुणाच्या, हे सांगणारा कागद महाराष्ट्र सरकारकडे नाही.

पुरानंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठी-शिवचा गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं. ते योग्यच होतं. यंत्रं आली, जलसंपदा खात्याची आली, नाम फाउंडेशनची आली, आणि पात्रातून लाखो घनमीटर गाळ निघाला. पात्र मोकळं झालं, लोकांना धीर आला. शहरात पूररेषांवरून वाद झाले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. म्हणजे पाणी कुठवर येतं याचा नकाशा आपण केला आणि गाळ किती साठला हेही मोजलं. तो निघतो कुठून, एवढंच राहिलं.

पुराचं सगळं खापर मी गाळावर फोडत नाही. उधाण आहे, कोयनेची वीज तयार झाल्यावर वाशिष्ठीत उतरणारं पाणी आहे, पुलांचे भराव आहेत, पात्रातली बांधकामं आहेत. पण भरतीला आपण थांबवू शकत नाही आणि कोयनेचा प्रश्न दोन खात्यांच्या फायलींत आहे. वरची माती वर धरून ठेवणं मात्र सरळसरळ आपल्या खात्याचं काम आहे.

वाशिष्ठीचा स्वभावही लक्षात घ्यावा. सह्याद्रीच्या माथ्यापासून दाभोळच्या खाडीपर्यंत तिची लांबी साधारण सत्तर किलोमीटर. माथा सातशे ते हजार मीटर उंच आणि चिपळूण शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटरांवर. नदी धडाधडा डोंगर उतरते, सपाटीला लागते आणि तिथेच भरती तिला समोरून अडवते. वेग मोडला की ती डोक्यावरचं ओझं खाली ठेवते. चिपळूण नेमकं त्या जागेवर वसलं आहे. शहराजवळच्या गोवळकोटला एकेकाळी गलबतं लागत. आज ओहोटीला तिथल्या पात्रातली बेटं मोजता येतात. दरवर्षी यंत्र लावून ओझं उचलायचं की वर भरतानाच ते कमी करायचं, हा साधा प्रश्न आहे.

नकाशा म्हणजे काय

धुपीचा नकाशा ही काही नवी विद्या नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या विशमायर आणि स्मिथ या दोघांनी १९६५ साली एक सूत्र छापलं आणि १९७८ मध्ये ते सुधारलं. जगभर आजही त्याच्याच आवृत्त्या वापरतात. त्यात पाच गोष्टींचा गुणाकार असतो. पावसाचा मार किती, माती किती ठिसूळ, उतार किती लांब आणि किती खडा, वर झाडोऱ्याचं आच्छादन किती, आणि माणसानं बांधबंदिस्ती किती केली. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळी मेख त्यातच आहे. गुणाकारातली एक संख्या निम्मी केली की उत्तर निम्मं होतं. पाऊस आपल्या हातात नाही, उतारही नाही. आच्छादन आणि बांध आहेत.

याच सूत्राच्या आधारानं ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी १९८३ साली देशाचा हिशेब मांडला होता. वर्षाला हेक्टरी सरासरी सोळा टनांहून थोडी जास्त, देशभर मिळून ५३३ कोटी टन माती जागची हलते. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते, उरलेली इकडची तिकडे होते. सोळा टन म्हणजे किती? एक हेक्टर जमिनीवरून फक्त एक मिलिमीटर थर गेला तरी दहा घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रास माती गेली. वजनानं बारा-तेरा टन, एक मोठा डंपर भरून; सोळा टन त्याहून थोडेच जास्त. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. नांगर धरणाऱ्यालाही नाही. म्हणूनच नकाशा लागतो.

साहित्य सगळं आपल्या घरात आहे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, त्यांनी राज्याच्या मातीचे नकाशे केले आहेत. नागपूरलाच राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं सगळ्या महाराष्ट्राची पाणलोटांत विभागणी करून प्रत्येकाला क्रमांक दिले आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे मेरीत, धरणांच्या गाळाचं सर्वेक्षण होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४ पासून दरडप्रवण भागांचे नकाशे हाती घेतले. आणि खोऱ्याला लागूनच दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, तिथे मृद व जलसंधारणाचं शिक्षण देणारं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. प्रत्येकाच्या कपाटात नकाशाचा एकेक तुकडा पडून आहे.

अडचण मापाची आहे. मातीचा राज्यव्यापी नकाशा एकास अडीच लाख मापाचा, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. दरडींचा एकास पन्नास हजार मापाचा, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. कोकणातली अख्खी वाडी त्यात पेनच्या ठिपक्याखाली झाकली जाते. अशा नकाशावर 'तालुक्याचा पूर्व भाग तीव्र धुपीचा' असं वाक्य लिहिता येतं. कुठल्या दळीवर, म्हणजे उतारावरच्या कुठल्या तुकड्यावर, आधी बांध घालायचा हे त्यावरून सांगता येत नाही.

पण आता उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि ती आपल्या हिशेबात बसतील इतकी बारीक आहेत. उंचसखलपणाची जी माहिती सर्वांना खुली आहे तिची एक चौकट तीस मीटरांची, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चौकट दहा मीटरांची, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. झाडोरा कुठे आहे आणि जमीन कुठे उघडी पडली आहे हे दर काही दिवसांनी गुंठ्यागुंठ्यानं पाहता येतं. सातबारा ज्या मापात बोलतो त्याच मापात नकाशा बोलू लागला तर गावातल्या कुणालाही तो वाचता येईल.

तात्यांची दुरुस्ती

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात शुक्रवारच्या सुट्ट्या घालवून मी आमच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाचा, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचा एक नकाशा घरच्या संगणकावर केला. फुकट मिळणारी माहिती, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धोका. घाटाच्या कड्याची सगळी भिंत लालभडक निघाली. आनंदानं मी त्याचा फोटो गावी तात्यांना पाठवला. तात्या आमचे चुलते, सत्तरी ओलांडलेले, सगळा जन्म त्याच उतारावर गुरं चारण्यात आणि भात लावण्यात गेलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अरे, तू लाल केलंस तिथं माती हाय कुठं व्हायला? निस्ता फत्तर हाय त्यो. माती गेली ती माझ्या आज्याच्याबी आधी."

बरोबर होतं. संगणकानं उभा उतार पाहिला, उघडी जमीन पाहिली आणि गुणाकार करून मोकळा झाला. विशमायर आणि स्मिथ यांचं सूत्र बसवलं होतं ते मुळात अमेरिकेतल्या मंद उताराच्या शेतांवर. त्यांचा प्रमाण वाफा बहात्तर फूट लांब आणि नऊ टक्के उताराचा. सह्याद्रीचा कडा त्यांनी डोळ्यापुढे आणलेलाच नव्हता. शिवाय ते सूत्र पाण्याच्या पातळ थरानं आणि बारीक ओघळींनी होणाऱ्या धुपीचं आहे. दरड, नदीचा ढासळलेला काठ, मोठी घळ या गोष्टी त्यात येतच नाहीत. आणि कोकणात माती जाते ती पुष्कळदा अशीच, एका रात्रीत, डोंगराच्या तुकड्यासकट.

मग तात्यांनी मला तीन जागा सांगितल्या. पहिली, वाडीकडे नवा रस्ता काढताना डोंगर उभा कापला आणि निघालेली माती खालच्या बाजूला पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, लोटली ती. माझ्या नकाशात तिथे काहीच नव्हतं, कारण रस्ता एका चौकटीपेक्षा अरुंद. दुसरी, कुणी तरी बागेसाठी जेसीबीनं झाडोऱ्यासकट सोलून काढलेला उतार. पहिले दोन-तीन पावसाळे कलमं बोटभर आणि जमीन उघडी. तिसरी जागा सांगताना ते जरा थांबले आणि म्हणाले, "आणि आपलंच खाचर. बांध फुटून बारा वर्षं झाली."

ही तिसरी माझ्या नकाशात होती. पाच चौकटी, लाल, म्हणजे पाच गुंठे. माझ्या आज्यानं डोंगरउतारावर दगडांचे बांध रचून जी खाचरं केली, आपल्या खात्याच्या भाषेत ज्याला मजगी म्हणतात, ती आता पडीक आहेत. भाऊ मुंबईला, मी कतारला, चुलतभाऊ पुण्याला. बांध दरवर्षी डागडुजी मागतो. एक दगड निसटला की पाण्याला वाट मिळते आणि शंभर वर्षं साठवलेली माती चार पावसाळ्यांत खाली उतरते. चिपळूणच्या पोटमाळ्यावर मी फावड्यानं काढला त्या चिखलात आमच्या आज्याचीही माती असेल. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी हे मला कबूल केलं पाहिजे.

मी गावी बांध घालायला तयार आहे. पण सातबारा सामाईक आहे. बावीस नावं, त्यातली सहा वारलेली, चौघांचा पत्ता नाही. अनुदानाच्या अर्जाला सगळ्या हिस्सेदारांची संमती मागतात. खोऱ्याच्या वरच्या अंगाला अशी खाचरं शेकड्यांनी असतील. गाव ओस पडलं की माती अशी सुटते, हे कुठल्याच सूत्रात नाही. ते तात्यांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मी करून पाहिली, ती कुणालाही करता येईल. त्याआधीच्या जुलैत रजेवर गेलो होतो तेव्हा एकाच दुपारी, एकाच सरीनंतर, दोन पऱ्यांचं पाणी लिटरच्या दोन बाटल्यांत भरलं. एक पऱ्या देवराईतून येणारा, दुसरा त्या सोललेल्या उताराखालचा. दोन्ही बाटल्या पडवीत ठेवल्या. सकाळी पाहिलं तर देवराईच्या बाटलीत तळाला सुताएवढी रेघ आणि चार पानं. दुसरीत बोटभर लाल साका आणि वर अजूनही गढूळ पाणी. दोन्ही पऱ्यांतलं अंतर अर्धा किलोमीटरही नाही. डोंगर एकच, पाऊसही एकच. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांनी खोऱ्यातल्या प्रत्येक वहाळावर आठवड्याला एक बाटली भरून साका मोजला, तर संगणकाचा नकाशा खरा की खोटा हे पहिल्याच पावसाळ्यात कळेल.

नकाशाची भीती

गावांत नकाशाची भीती आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. निळी रेषा आली की घराची दुरुस्ती अडते, लाल रेषा आली की जागेची किंमत जाते, असं लोकांना वाटतं. पश्चिम घाटाच्या बाबतीत काय झालं ते आठवावं. माधव गाडगीळ यांच्या समितीनं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. कुठला भाग किती नाजूक याचा नकाशा त्यात होता आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून घ्यावेत असं सांगितलं होतं. तो अहवाल सरकारनं दाबून ठेवला. माहिती अधिकाराच्या लढाईनंतर मे २०१२ मध्ये तो खुला झाला. तोवर गावोगाव बातमी पोचली होती की आता घराला दगडही लावता येणार नाही. अहवाल वाचलेली माणसं थोडी, त्याला घाबरलेली पुष्कळ. नकाशा दडवून ठेवला की त्याची जागा अफवा घेते.

त्यामुळे धुपीचा नकाशा बंदी घालण्यासाठी नको. लाल चौकट म्हणजे 'इथे काही करू नका' असा अर्थ झाला तर तात्याही पुढच्या वेळी फोन करणार नाहीत. लाल चौकट म्हणजे 'इथे सरकार आधी पैसे देईल' असा अर्थ हवा. मग लोक स्वतःहून सांगतील की इथलीही लाल करा.

मागणी

आपल्याकडे माझं मागणं पाच मुद्द्यांचं आहे.

एक. अख्ख्या राज्याचा नकाशा करायच्या नादात पाच वर्षं घालवू नयेत. एक खोरं घ्यावं, वाशिष्ठीचं, माथ्यापासून दाभोळपर्यंत, गुंठ्याच्या मापानं. त्यात तीन थर हवेत: पावसानं होणारी धूप, दरडीचा धोका, आणि माणसानं उघडी पाडलेली जागा, म्हणजे रस्त्यांची कटिंगं, खाणी, सोललेले उतार आणि फुटलेले बांध. तिसरा थर कुठल्याच उपग्रहाला पुरता दिसत नाही.

दोन. नकाशा मराठीत, गट नंबरांसह, मोठ्या कागदावर छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि दसऱ्यानंतर शिवार फेरी घ्यावी. जलयुक्त शिवारात गावांना शिवार फेरीची सवय झालेली आहे. फेरीत म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना पुढे ठेवावं, अधिकाऱ्यांनी मागून चालावं. ग्रामसभेनं केलेली दुरुस्ती नकाशात गेली पाहिजे.

तीन. मोजणी सुरू करावी. खोऱ्यातल्या पाच-सहा पुलांवर पावसाळ्यात रोज पाण्याचा नमुना घ्यावा. किती गाळ कुठल्या उपनदीतून आला हे आकड्यात कळल्याशिवाय वर केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे कधीच सांगता येणार नाही.

चार. गाळ काढण्याच्या प्रत्येक कामाच्या पैशातला ठरावीक हिस्सा त्याच पाणलोटात वर खर्च व्हावा: समतल चर, अनगड दगडी बांध, मजगीची दुरुस्ती, उघड्या उतारावर गवत. आणि डोंगर कापून रस्ता करणाऱ्याला निघालेली माती कुठे टाकणार हे आधी लिहून द्यायला लावावं. काठावर रचलेला गाळ आणि पऱ्यात लोटलेली कटिंगची माती पुढच्या पावसाळ्यात कुठे जाणार, हे सांगायला सर्व्हेअर लागत नाही.

पाच. पडीक खाचराचा बांध दुरुस्त करायला सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांची संमती मागू नये. जमिनीची वाटणी होत नाही, मालकी बदलत नाही, फक्त दगड जागेवर बसतात. कसणाऱ्या एका हिस्सेदाराचा अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव पुरे मानावा. परगावी असलेले आम्ही हिस्सेदार त्याला हरकत घेणार नाही. कुणी घेतलीच तर त्याला गणपतीत गावच विचारील.

यात खर्चाचं मोठं काही नाही. माहिती आपल्याकडे आहे, माणसं आपल्याकडे आहेत आणि सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनापासून, १९३० च्या दशकापासून, माती अडवण्याचा अनुभवही महाराष्ट्राकडे आहे. पठारावर बांधबंदिस्ती झाली, कोकणाच्या उतारांना मात्र 'पाऊस भरपूर' या दोन शब्दांवर सोडून देण्यात आलं. पाऊस भरपूर आहे, म्हणून तर मातीला धोका जास्त.

दोह्यात २० ऑक्टोबर २०१८ ला जवळजवळ वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडला होता. रस्ते भरले, भुयारी मार्ग बुडाले. ओसरल्यावर कामावर जाताना शहराबाहेरच्या एका रौद्यापाशी गाडी थांबवली होती. पाणी आटत आलं होतं आणि तळाला साखरेच्या पाकासारखी गुळगुळीत नवी माती बसली होती. सोबतचा कतारी वाहनचालक खाली उतरला, वाकून चिमूटभर माती त्यानं बोटांत घेतली आणि समाधानानं मान हलवली. आमच्याकडे पुरानंतरच्या मातीला शिव्या देतात, कारण ती चुकीच्या जागी येते. माती तीच, जागा फक्त वेगळी.

मृगाच्या पहिल्या सरींना जमीन उघडी असते, गवत उगवलेलं नसतं, तेव्हा माती सगळ्यात जास्त जाते. हे पत्र आपल्या हाती पडेल तोवर त्या सरी होऊन गेलेल्या असतील. यंदाची माती गेली. पुढच्या मृगाला बारा महिने आहेत आणि एका खोऱ्याच्या नकाशाला तेवढे पुरतात.



आपला,
वाशिष्ठीकाठचा एक सर्व्हेअर